बत्तिसावा आत्मा

त्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला पेनासेकाला पाठवलं, ते किडीसाठी. मी तेव्हा संतिआगो शहरातल्या एका कार्यशाळेत कामाला होतो. जुन्या चर्चमधल्या लाकडी मूर्ती साफ करायच्या, सोन्याचा वर्ख सुटला असेल तिथे पुन्हा बसवायचा, कीड लागली असेल तर भोकाभोकात सुईनं औषध सोडायचं, असं आमचं काम. पेनासेकाच्या पाद्र्यानं कळवलं होतं की सान सिब्रान चर्चच्या वेदीमागच्या कोरीव लाकडी भिंतीतून रोज मूठभर भुसा गळतो आणि मिस्साच्या वेळी तो थेट त्याच्या पेल्यात पडतो. साहेबांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं.

"आमान्सिओ, तूच जा. तीन आठवडे डोंगरात राहिलास तर घरी वाट बघणारं कोण आहे तुझी?"

ते बोलले ते खरंच होतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मी चौतीस वर्षांचा होतो आणि कुठेही पाठवावा असा माणूस होतो.

पेनासेकात तेव्हा अकरा चुली पेटत होत्या. चेस्टनटच्या झाडांमध्ये काळ्या पाटीच्या दगडांनी शाकारलेली घरं, खाली ओढ्याशी चर्च आणि वर चढावर, अर्ध्या तासाच्या वाटेवर, दफनभूमी. धुकं सकाळी ओढ्यातून वर चढायचं आणि दुपारी कंटाळल्यासारखं परत खाली उतरायचं. मधले दोन-तीन तास काय तो उजेड.

माझी सोय जेनेरोसा मावशीकडे केली होती. सत्तरीची बाई, काळा रुमाल डोक्याला घट्ट बांधलेला, चर्चची वीतभर लांब चावी कमरेला. तिचा नवरा देल्फिन आयुष्यभर लाकडी जोडे कोरत आला होता. आता छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. त्याची खाट चुलीशेजारीच टाकली होती. डॉक्टरनं ख्रिसमसची आशा धरू नका म्हणून सांगितलं होतं, आणि ते घरात तिघांनाही माहीत होतं, मी धरून.

"हा बघ, आला डॉक्टर," मला बघून म्हातारा म्हणाला.

"मी लाकडाचा डॉक्टर आहे, काका."

"मग बरोबर घरी आलास. छातीपासून खाली मी लाकूडच झालोय. ही रोज चुलीकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते."

"गप पडा," मावशी म्हणाली. "तुम्हाला जाळलं तर नुसता धूर होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चावी माझ्या हातात ठेवली, पण सोडली नाही.

"एक सांगते. समोरून हवं तितकं काम कर. पण भिंतीच्या मागे गेलास तर बोलत राहा."

"कोणाशी?"

"कोणाशीही. गाणं म्हण, रोझरी म्हण, तुझ्या साहेबाला शिव्या घाल. नुसता गप्प उभा राहू नकोस."

"आवाज गाढवासारखा असला तरी चालेल," खाटेवरून देल्फिन म्हणाला. "ऐकणारा तक्रार करत नाही."

मी हसलो. ती हसली नाही, आणि जरा वेळानं माझ्या लक्षात आलं की म्हाताराही हसलेला नाही.

चर्च लहान होतं. पण ती भिंत... गोठ्याएवढ्या जागेत कोणी राजवाडा उभा करावा तशी ती होती. जमिनीपासून छतापर्यंत चेस्टनटचं लाकूड, पिळदार खांब, खांबांवर द्राक्षांचे घोस, घोसांना चोच मारणारे पक्षी, आणि सगळ्यावर काळवंडलेलं सोनं. मी अनेक मोठी कामं पाहिली होती. असा हात पाहिला नव्हता. कागदोपत्री ते बिएइतो मेस्त्रीचं काम होतं, दोनशे वीस-तीस वर्षांपूर्वीचं. या मेस्त्रीनं दुसरीकडे कुठेही काही केल्याची नोंद नाही.

उजव्या अंगाला, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, आत्म्यांची फळी होती. आमच्याकडे प्रत्येक खेड्यात असते ती. शुद्धीस्थानाच्या, म्हणजे स्वर्गाआधी पापं जाळणाऱ्या, ज्वाळांत कमरेपर्यंत बुडालेले, हात जोडलेले जीव. इतर ठिकाणी ते सगळे एकाच साच्यातले असतात. इथे प्रत्येकाचा चेहरा वेगळा होता. कोणाचा गाल बसलेला, कोणाचं नाक मोडलेलं, एका बाईच्या कपाळावर आवाळू. आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले.

"तो मोडक्या नाकाचा लोहाराच्या घरचा," रात्रीच्या जेवणाला रस्सा वाढताना मावशी म्हणाली. "आवाळूवाली आमची. ह्यांच्या पणजीची कोणीतरी. मी रोज तिला हात जोडते."

मग देल्फिननं सांगितलं. बिएइतो मेस्त्री कामाच्या पाचव्या वर्षी आंधळा झाला. सोन्याच्या वर्खानं म्हणा, मेणबत्त्यांनी म्हणा. फक्त ही फळी राहिली होती. त्याच हिवाळ्यात गावात दुष्काळाचा ताप आला. माणसं पटापट मेली आणि वाटेवर इतका बर्फ पडला की वर दफनभूमीकडे कोणाला नेता येईना. प्रेतं चर्चमध्ये आणली. वेदीमागे, भिंतीच्या पाठीमागच्या गार बोळात ठेवली. गरिबांची माणसं. कोणाचं चित्र नाही, तसबीर नाही. तेव्हा आंधळा मेस्त्री त्या बोळात जाऊन एकेकाच्या तोंडावरून हात फिरवायचा आणि बाहेर येऊन फळीवर तोच चेहरा कोरायचा. बर्फ वितळून प्रेतं वर गेली तेव्हा प्रत्येक घराला आपलं माणूस फळीवर सापडलं.

"चांगला माणूस होता," मी म्हणालो.

"होता तोपर्यंत चांगलाच होता," देल्फिन म्हणाला आणि खोकत कुशीवर वळला.

आमच्या कामात आधी यादी करतात. माझ्याजवळ धर्मप्रांताच्या जुन्या तपासणीची नक्कल होती. त्यात लिहिलं होतं: 'आत्म्यांची फळी, एकाच लाकडाची, सत्तावीस आकृती.' मी मोजल्या. एकतीस भरल्या. पुन्हा मोजल्या. मग शिडी लावून जवळून पाहिलं.

वरच्या रांगेत एक बाई होती. तिचे केस आखूड होते, मानेपर्यंत, आणि त्यांना एकसारखी गोल वळणं दिली होती. शहरातल्या सलूनमध्ये गरम चिमट्यानं देतात तशी. तिच्या शेजारच्या पुरुषानं चष्मा लावलेला होता. चष्म्याच्या काड्या कानामागे गेल्या होत्या.

कोणीतरी नंतर डोकी चिकटवली असतील, म्हणून मी सांधा शोधला. भिंग लावून एक अख्खा दिवस शोधला. सांधा नव्हता. शिरा सलग होत्या. वर्ख बसवण्यासाठी खाली लावतात ती लाल माती सगळीकडे एकाच जातीची, एकाच वयाची. आणि त्या बाईच्या केसांच्या वळणांतून किडीची भोकं आरपार गेली होती. जुनी, कडा गोल झालेली भोकं, शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या किड्यांची.

त्या संध्याकाळी मी विचारलं. मावशी चेस्टनट भाजत होती.

"केस कुरळे केलेली? ती एर्मितास. ह्यांची बहीण. भाचीच्या लग्नासाठी लुगोला जाऊन केस करून आली होती; लग्नाच्या आधीच गेली बिचारी. त्रेसष्ट साली. बर्फ होता, म्हणून दोन दिवस मागे ठेवली होती."

"आणि... कोरलं कोणी?"

तिनं तव्यावरचे चेस्टनट हलवले. उत्तर देल्फिननं दिलं.

"ज्याचं काम आहे त्यानं. बोळात कोणी निपचित, गप्प सापडलं की त्याला वाटतं, कोरायला आणखी एक मेलेलं आलं. आंधळाच तो. म्हणून तर म्हणते ना ही, बोलत राहा."

"आणि चष्मेवाला?"

मग म्हातारा म्हणाला, "उर्बानो. शाळेचे मास्तर. आमच्या तोंडावर हसले, चर्चमध्ये शिरले, भिंतीमागे जाऊन गप्प उभे राहिले. काहीही झालं नाही म्हणून सांगत आले. पण दुसऱ्या दिवशी फळीवर होते. घाबरून मोन्फोर्तेला भावाकडे पळाले. तिसऱ्या दिवशी पेटीतून परत आले."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला का? नाही ठेवला. पण भिंग खोटं बोलत नव्हतं, त्यामुळे अविश्वासही ठेवता येत नव्हता. मी काम करत राहिलो. माणूस करतोच.

बोळात जायची वेळ दहाव्या दिवशी आली. भिंत मागच्या दगडाला लोखंडी कड्यांनी अडकवलेली होती. त्या कड्या तपासल्याशिवाय मला अहवाल देता आला नसता. दुपारचे तीन वाजले असतील. धुकं त्या दिवशी वर गेलंच नव्हतं. खिडक्या दुधासारख्या पांढऱ्या होत्या आणि चर्चमध्ये उजेड कुठून येतोय ते कळत नव्हतं. वेदीच्या डाव्या अंगाला एक बुटकं दार होतं. मी वाकून आत शिरलो. बोळ माझ्या खांद्यांएवढाच रुंद होता. एका बाजूला ओला दगड, दुसऱ्या बाजूला भिंतीची उघडी पाठ, रंगहीन, खरबरीत, कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेली. पुढून एवढी सोन्यानं मढलेली गोष्ट मागून अशी असते.

मी गाणं म्हणत होतो. खरंच म्हणत होतो; आईचं, मळणीच्या वेळचं. पहिली कडी झाली, दुसरी झाली. तिसरी गंजून पार खाल्लेली होती. मी टॉर्च खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी ती चाचपायला लागलो. किती बाकी आहे, किती भार घेईल... आणि हिशेबाच्या नादात माझं गाणं कधी थांबलं ते मला कळलं नाही.

मला आधी वास आला. ताज्या ढलप्यांचा, नुकत्याच रंधा मारलेल्या चेस्टनटचा गोडसर, आंबूस वास, आणि त्यात लाकूड जोडायच्या गरम सरसाचा. मग टॉर्चचा उजेड पिवळा झाला, लाल झाला आणि गेला.

पहिलं बोट कपाळावर टेकलं.

मी ओरडलो नाही. तुम्ही म्हणाल, का नाही ओरडलास? खरं सांगतो. ते बोट इतकं हलकं होतं... मग दुसरं आलं, मग दोन्ही तळवे. कोरड्या, बोटांच्या टोकांना घट्टे पडलेल्या हातांनी माझं कपाळ मोजलं. भुवयांवरून अंगठे फिरले. डाव्या भुवईवर मला लहानपणचा व्रण आहे, तिथे अंगठा थांबला, मागे आला, पुन्हा गेला, जसा एखादा काटेकोर माणूस चुकू नये म्हणून परत बघतो. दोन वर्षांत माझ्या तोंडाला कोणी हात लावला नव्हता. मी मागे होऊ शकलो असतो, आणि झालो नाही.

अंगठे पापण्यांवर आले. माझे डोळे उघडे होते. पापण्या फडफडल्या. हात क्षणभर थबकले. त्यांना हे सवयीचं नव्हतं. मग ते नाकावरून खाली उतरले, आणि वरच्या ओठावर माझा श्वास त्या बोटांना लागला.

बोटं थांबली. मी मोजले नाहीत, पण चार-पाच श्वास त्या बोटांनी घेऊ दिले असतील. त्यानंतर एक तळवा, अगदी हळू, काही राग नाही, काही घाई नाही, माझ्या नाकातोंडावर येऊन बसला आणि दाबायला लागला. माझा श्वास कधी संपतो याची तो वाट बघत होता.

मी कसा सुटलो ते आठवत नाही. डोकं दगडावर आपटलं, शर्ट कडीत फाटला. दाराबाहेर पडलो तेव्हा मागे बोळात अगदी शांतपणे आवाज सुरू झाला होता. लाकडी हातोडा पटाशीवर पडतो तसा. टक्... टक्... टक्.

मी घरात शिरलो आणि मावशीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"कुठपर्यंत?"

मी दार लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकली.

"अरे, कुठपर्यंत हात फिरला? कान झाले? हनुवटी झाली?"

"नाकापर्यंत..." मी म्हणालो. "ओठांवर आला आणि..."

"तोंड नाही ना झालं?"

"नाही."

ती बाकावर बसली. देल्फिन खाटेवर कोपरांवर उठला होता.

"अर्धा आहे," तो हळूच म्हणाला. "आजवर अर्धा कोणी राहिला नव्हता."

सकाळी आम्ही दोघं चर्चमध्ये गेलो. फळीखाली दगडी जमिनीवर ढलप्या पडल्या होत्या, ओल्या, पांढऱ्या. खालच्या रांगेच्या टोकाला, जिथे काल नुसत्या ज्वाळा होत्या, तिथे एक डोकं होतं. माझं कपाळ. माझ्या भुवया, डाव्या भुवईत व्रण. माझं नाक. नाकाखाली काही नव्हतं. पटाशीच्या उभ्याआडव्या खुणांचा ओबडधोबड ओंडका. आणि त्या फळीवरच्या सगळ्या मिटल्या डोळ्यांमध्ये हे दोन उघडे होते.

मावशीनं क्रूसाची खूण केली. मीही केली, आणि तेव्हा कळलं की बोटं ओठांना लागली ती मला जाणवली नाहीत.

दुपारपर्यंत हनुवटी बधिर झाली. संध्याकाळी रस्सा तोंडातून ओघळायला लागला. मावशी फडक्यानं माझं तोंड पुसत होती आणि दुसऱ्या हातानं म्हाताऱ्याला भरवत होती. श्वास घ्यायला मला आठवण ठेवावी लागत होती. म्हणजे विसरलो की तो थांबायचा. पळून जावं असं मनात आलं, पण मोन्फोर्तेहून परत आलेली पेटी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"त्याचं काम अडलंय," देल्फिन म्हणाला. "कारागीर माणूस आहे. हातातलं काम अर्धं सोडून त्याला झोप लागायची नाही. त्याला एक तोंड पाहिजे."

"मग?" मावशीनं विचारलं.

"माझ्याकडे आहे एक."

तिनं चमचा वाटीत टाकला. "काहीतरी बरळू नका."

"बरळतोय कुठे? तो आंधळा आहे, जेनेरोसा. त्याला काय कळतंय, वरचं कोणाचं होतं आणि खालचं कोणाचं? पोरगं पस्तिशीचंही नाही. मी ख्रिसमसपर्यंत इथे पडून छतावरच्या माश्या मोजणार, त्यापेक्षा..."

"काका, मी हे होऊ देणार नाही," मी म्हणालो. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. माझ्या तोंडून नुसता लाळेचा आवाज निघाला.

"बघ, ह्याला तर बोलताही येत नाही," म्हातारा म्हणाला. "म्हणजे दोन विरुद्ध शून्य."

"दोन कुठून झाले?" मावशी ओरडली. "माझं मत कोणी विचारलं?"

तो तिच्याकडे वळला. मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, "मी गेल्यावर तू मला बघायला अर्धा तास चढ चढून जाणार का, ह्या गुडघ्यांनी? चर्च खाली आहे. रोज जातेसच."

मावशी उठली आणि चुलीवर पाणी ठेवलं. पाणी कोमट झाल्यावर तिनं वस्तरा काढला, साबणाचा फेस केला आणि त्याची दाढी करायला बसली. खाली वाकून, गालाची कातडी एका बोटानं ताणून, अगदी सावकाश. वरच्या ओठाखालचा कोपरा तिनं दोनदा केला.

"किती वेळ लावतेस?"

"मेस्त्रीला खुंट टोचायला नकोत," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला आम्ही त्याला खुर्चीत बसवून उचललं. तो काटकीएवढा हलका झाला होता, तरी मी तीन वेळा थांबलो. श्वासाची आठवण राहत नव्हती. बोळाच्या दाराशी खुर्ची मावली नाही. मावशीनं त्याला बगलेत धरून आत नेलं आणि माझ्या तिसऱ्या कडीपाशी भिंतीला टेकवून बसवलं. आत त्यांचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. ती एकटी बाहेर आली, तेव्हा तिच्या डोक्यावर रुमाल नव्हता. म्हाताऱ्याच्या पाठीखाली गार दगड लागू नये म्हणून तो तिनं घडी करून तिथे ठेवला होता.

आम्ही पहिल्या बाकावर बसलो. आतून देल्फिनचं गाणं सुरू झालं. जोडे कोरणाऱ्यांचं, पाद्र्याच्या मोलकरणीबद्दलचं, अत्यंत वाह्यात गाणं. मावशी डोळे पुसत पुटपुटली, "चर्चमध्ये म्हणतात का हे..." त्यानं एक कडवं म्हटलं. खोकला. दुसरं कडवं म्हटलं. तिसऱ्याच्या मध्यावर तो मुद्दाम, आपण दिवा मालवतो तसा, थांबला.

जेनेरोसानं माझा हात धरला. तिची नखं माझ्या तळव्यात रुतली होती.

थोड्या वेळानं वास आला. मग आवाज. टक्... टक्... आम्ही फळीकडे बघत होतो, दोघंही, आणि तरी तिथे काही घडताना दिसलं नाही. फक्त मध्येच आपल्याला डोळे मिटावे लागतात, तेवढ्या वेळात काहीतरी पुढे गेलेलं असायचं. ढलप्या जमिनीवर पडलेल्या दिसायच्या, पडताना दिसायच्या नाहीत. मध्येच मी एक मोठा, खोल श्वास घेतला. न आठवता घेतला. ओठांना मुंग्या आल्या. मी रडायला लागलो आणि अश्रू खारट लागले.

आवाज थांबल्यावर आम्ही आत गेलो. देल्फिन बसल्या जागी गेला होता. तोंड नीट मिटलेलं, गुडघ्यांवर ढलप्यांचा हलका थर, जसा तो चाळीस वर्षं जोडे कोरताना बसत असेल तसाच.

फळीवर माझ्या नाकाखाली त्याचं तोंड होतं. डावीकडे जरा वर गेलेला ओठ, मधोमध खळी पडलेली हनुवटी, काहीतरी वाह्यात बोलण्याच्या बेतात असलेलं. मावशीनं हात वर करून ते तोंड झाकलं आणि वरच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग हात उलटा केला, डोळे झाकले आणि तोंडाकडे पाहिलं.

"वरचं तुझं आहे," ती मला म्हणाली. "त्याच्याशी मला काही करायचं नाही. राग मानू नकोस."

काम मी पूर्ण केलं. औषध सोडलं, कडी बदलली. बोळात जाताना सगळा वेळ मोठ्यानं देल्फिनचं गाणं म्हटलं. अहवालात आकृतींच्या रकान्यात बत्तीस लिहिलं. कोणी विचारलं नाही. अहवाल कोण वाचतं?

पुढची गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

संतिआगोला परतलो त्याच रात्री अंथरुणावर पडून डोळे मिटले आणि अंधार झाला नाही. चर्च दिसलं. वरून, फळीच्या उंचीवरून. रिकामे बाक, दुधी खिडक्या. स्वप्न नव्हतं ते. डोळे मिटले की दिसायचं, उघडले की जायचं. सकाळी आठला मिटले तर जेनेरोसा मावशी आत येताना दिसायची. ती रोज यायची. माझ्या अगदी जवळ उभी राहायची, एक हात माझ्या डोळ्यांवर ठेवायची, आणि मग मला काही दिसायचं नाही. ती त्याच्याशी काय बोलायची ते कधी ऐकू आलं नाही. हळूहळू मला त्याची सवय झाली. खरं सांगू, तिची वाट बघायची सवय झाली. चौदा वर्षं ती आली. मग एके दिवशी तिला चौघांनी उचलून आणलं, आणि बर्फ नव्हता म्हणून तिला वर नेलं.

नंतर गाव रिकामं झालं. चर्चला कुलूप लागलं. मी डोळे मिटायचो आणि खिडक्यांवर चढत गेलेला वेल बघायचो. वर्षानुवर्षं तेच. म्हातारपणी अशा गोष्टीची भीती उरत नाही, सोबत होते.

गेल्या महिन्यात, ऑक्टोबरच्या अखेरीला, दुपारी जरा पडलो होतो. डोळे मिटले. बाक दिसले, पण ते वरून दिसले नाहीत. मी त्यांच्याच उंचीवर होतो. दुसऱ्या दिवशी वेदीच्या पायऱ्या माझ्या पाठीशी असाव्यात, कारण समोर दार होतं. बंद दार, खूप जवळून, लाकडाच्या शिरा मोजता येतील इतकं जवळून. पुढचे सहा दिवस दारच.

सातव्या दिवशी ओला रस्ता होता, पडलेली पानं, धुकं.

पेनासेकाला आज कोणी राहत नाही. फोन करून विचारावं असं कोणी नाही. मी झोप कमी केली, दिवसा खुर्चीतच डुलकी घेतो. तरी डोळे मिटतातच. सील नदीचा पूल ओळखला. मग एक हमरस्ता, गाड्यांचे दिवे, कोणी थांबत नाही. एकदा नुसतं मक्याचं कापलेलं शेत, दिवसभर.

काल संध्याकाळी एक घर दिसलं, बाहेरून. खिडकीत उजेड होता. आत टेबलाशी, माझ्यासारख्याच खुर्चीत, कोणीतरी पाठमोरं बसलं होतं, मान खाली घातलेली, मानेवरचे केस पांढरे. ते मागे वळून बघणार असं वाटलं आणि मी डोळे उघडले.